जैनबच्या बाहीखाली

मी एक कोपराचा पट्टा. काळा, ओढला की ताणला जाणारा, कडेला वेल्क्रो लावलेला. बोलतोय, कारण तीन आठवडे मी गप्प राहण्याचं काम केलं आणि ते काम मला अजून स्वस्थ बसू देत नाही.

माझी शिवण कुठे झाली ते आठवत नाही. पहिली आठवण खडकी बाजारातल्या औषधांच्या दुकानाची. हुसेनभाईंनी मला उलटसुलट करून पाहिलं, तेव्हा दुकानदार म्हणाले, "साइज आत्ताच बघून घ्या. एकदा घाम लागला की परत घेत नाही. पाटीवर लिहिलंय तसं, पण वाचतो कोण!"

हुसेनभाई दारूगोळा कारखान्यात यंत्रावर काम करतात. दिवसभर तोच दांडा, तोच हात. पन्नाशीच्या माणसाचं ते कोपर दुखायचं, कुरकुरायचं, पण रविवारी विसावा मिळाला की निवायचं. ते मला रोज साबणाने धुऊन दोरीवर वाळत घालत. मी सुखात होतो.

एका सकाळी त्यांच्या मुलीने मला दोरीवरून उचललं.

जैनब बारा वर्षांची. शिवाजीनगरच्या एका हॉलमध्ये जिम्नॅस्टिक्स शिकायची, आठवड्यातले सहा दिवस. तिच्या दंडाला मी सैल होत होतो. तिने सुईदोरा घेतला, चार टाके घालून मला लहान केलं, उजव्या कोपरावर चढवलं आणि वरून पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट घातला.

"दोरीवरचा माझा पट्टा कुठंय?" हुसेनभाईंनी बाहेरून विचारलं.

"वाऱ्याने उडाला असेल, अब्बा," जैनब म्हणाली. मी तिच्या बाहीत होतो.

हॉलमध्ये ती पहिल्यांदा हातांवर उभी राहिली आणि माझी घाबरगुंडी उडाली. हे कोपर कोवळं होतं, अजून वाढत होतं. त्यावर तिचं सगळं अंग येऊन पडायचं. पळत येऊन हात टेकायचे, उलटायचं, परत हात टेकायचे. एकदा नाही, चाळीस वेळा, पन्नास वेळा. प्रत्येक वेळी आत काहीतरी चुकल्यासारखं कचकन हलायचं. मी आवळून धरायचो. दुसरं काय करणार? मला तेवढंच येतं.

हे दुखणं नवं नव्हतं. जूनमध्ये दुखलं, तेव्हा ती दहा दिवस थांबली आणि परत आली. दिवाळीत दुखलं, तेव्हा चार दिवस बर्फ लावला आणि परत आली. दर वेळी थांबणं कमी, दुखणं जास्त. आता राज्य स्पर्धेची निवड पाच आठवड्यांवर आली होती. या वेळी थांबायचंच नव्हतं, म्हणून मी होतो.

नम्रता मॅडम तिच्या प्रशिक्षक. शिस्तीच्या आणि बोलायला तिखट. कुणी जांभई दिली तर म्हणायच्या, "गादी आहे खाली, पण ती उड्या मारायला ठेवलीय." रोज रांगेवरून जाताना त्या प्रत्येकीला विचारायच्या, "हात ठीक?" जैनब म्हणायची, "हो मॅडम." तोवर मॅडम पुढच्या मुलीपाशी पोचलेल्या असायच्या.

बसमध्ये जैनब डाव्या हाताने दांडी धरायची. डबा डाव्या हाताने उघडायची. उजवं कोपर आता पूर्ण सरळ होत नव्हतं. कुणाला दिसू नये म्हणून ती मनगट जरासं वळवून उभी राहायची. मी आत तळमळायचो. वेल्क्रो निघाला की होते ती चर्र, एवढाच माझा आवाज. तो कुणाला कळणार?

निवडीला बारा दिवस उरले असताना कपडे बदलायच्या खोलीत स्वराली तिच्याजवळ आली. स्वराली तिच्याहून वर्षाने लहान, त्याच गटातली.

"ताई, तुझा तो पट्टा मला दे ना. माझंपण कोपर दुखतंय. निवड होईपर्यंतच."

जैनब दचकली. "तुला कोणी सांगितलं पट्ट्याचं?"

"कपडे बदलताना दिसला मला. मी कुणाला बोलले नाही. तूपण माझं सांगू नको."

जैनबने बाही वर केली. माझं टोक धरून ओढलं. मी अर्धा सुटलो आणि ती थांबली.

"हात सरळ कर," ती स्वरालीला म्हणाली.

स्वरालीने केला. अगदी सरळ.

"माझा होत नाही," जैनब म्हणाली आणि हात पुढे धरला. "बघ. इथपर्यंतच. मधेच अडकतो, पावसात दार अडकतं तसा."

स्वराली बघतच राहिली. "मग पट्ट्याने काय होतं?"

"काहीच होत नाही. फक्त कुणाला कळत नाही."

हे ऐकून मला वाटलं, आत्ताच्या आत्ता उसवून जावं.

"तू मॅडमना सांग," जैनब म्हणाली.

"आणि तू?"

जैनबने मला पूर्ण काढलं, मुठीत चुरगाळलं, आणि दोघी बाहेर मॅडमपाशी गेल्या.

मॅडम ओरडतील असं मला वाटलं होतं. त्यांनी दोघींचे हात तपासले, मग जैनबचा परत तपासला. "कधीपासून?"

"जूनपासून."

मॅडम बाकावर बसल्या. "मी रोज विचारत होते, जैनब."

"तुम्ही चालता चालता विचारायचात, मॅडम."

मॅडमनी स्वतः हुसेनभाईंना फोन लावला.

दुसऱ्या दिवशी हाडांच्या डॉक्टरांच्या टेबलावर मी पडलो होतो. हुसेनभाईंनी मला ओळखलं. माझे चार टाके अंगठ्याने चाचपले आणि एवढंच म्हणाले, "मागितला असता तर मी विचारलं असतं, बेटा."

"म्हणूनच नाही मागितला," जैनब म्हणाली.

फोटो आणि तपासण्या झाल्यावर डॉक्टरांनी समजावलं, "ही पोरं हातांवर चालतात, हातांवर उतरतात. कोपर काही गुडघा नाही. हिच्या कोपरात कुर्चेच्या अस्तराखालचं हाड मऊ पडलंय. सहा महिने हातांवर भार नाही."

"निवड?" जैनबने विचारलं.

"नाही."

"आणि सहा महिन्यांनी?"

"भरून येईलही. त्या हाडाचा तुकडा सुटला तर ऑपरेशन. आज वचन देत नाही."

स्वरालीचं दुखणं वेळेवर कळलं होतं, थोड्या विश्रांतीत निवलं. त्या वर्षीची निवड तिचीही हुकली, पण पुढच्या महिन्यात ती परत उड्या मारू लागली. जैनब तिच्याशी आठ दिवस बोलली नाही. डॉक्टरांकडून घरी आल्यावर तिने मला भिंतीवर फेकून मारलं. मी राग धरला नाही.

तरी ती हॉलमध्ये जात राहिली. पायांचे व्यायाम करायची, लाकडी पट्टीवर तोल सांभाळत चालायची, धाकट्या मुलींची रांग लावायची. मॅडमही बदलल्या. आता सरावाआधी सगळ्या मुली हात पसरून उभ्या राहतात आणि मॅडम एकेकीसमोर थांबून बघतात. हातांवरच्या उड्या त्यांनी निम्म्या केल्या. एक पालक कुरकुरले, तेव्हा म्हणाल्या, "पदक तुम्ही घरी न्याल. कोपर तिला आयुष्यभर न्यायचंय."

परवा सातवा महिना लागला. डॉक्टरांनी भिंतीला हात टेकायची परवानगी दिली. जैनब भिंतीसमोर उभी राहिली, उघड्या हातांनी. टेकले. हळूच भार दिला.

मॅडम शेजारी थांबल्या. "दुखतंय?"

"थोडंसं," जैनब म्हणाली.

"मग आज इथवर."

तिचा चेहरा पडला, पण हात तिने खाली घेतले.

ती परत पूर्वीसारखी उलटेल का? मला माहीत नाही, डॉक्टरांनाही नाही. माझं म्हणणं एवढंच: खेळणाऱ्या लेकराला विचारायचं असेल, तर थांबून विचारा. आणि "काही नाही" म्हणालं, तर बाही वर करून बघा.

मी अजून तिच्या बॅगेत तळाशी आहे. इलॅस्टिक सैल झालंय, वेल्क्रोत धागे अडकलेत. चेन उघडल्याचा आवाज आला की आजही माझ्या जिवाचं पाणी होतं. हात आत येतो, माझ्यावरून सरकतो आणि पाण्याची बाटली घेऊन बाहेर जातो.