दोनशे चाळीसचे जेट

त्या पाईपला ट्यूनिंग लागतं की नाही, हा वाद आम्हा नवराबायकोत एकोणीसशे एकाहत्तर साली झाला. तो अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

माझा नवरा अ‍ॅलिस्टर शर्यतीची साइडकार मोटरसायकल चालवायचा आणि मी तोल सांभाळायला तिच्या बाजूच्या फळीवर असायचे. सहा वर्षं. न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाला, इन्व्हरकार्गिलच्या किनाऱ्यावर ओहोटी लागली की वाळू घट्ट होते, दोन टोकांना पिंपं उभी करतात आणि त्यांना वळसे घालत पन्नास मैलांची शर्यत होते. वळणावर मी अख्खी बाहेर झुकायचे, कान वाळूपासून हातभर वर. इंजिन माझ्याइतकं जवळून कोणी ऐकत नव्हतं. प्लग बघणं, कार्ब्युरेटरमधून पेट्रोल सोडणारे बारीक भोकाचे जेट बदलणं हेही माझ्याकडेच होतं. माझे वडील ट्रॅक्टर दुरुस्त करायचे, त्यांच्याकडून हात बसला होता.

शर्यतीच्या आदल्या आठवड्यात अ‍ॅलिस्टरने गोर गावच्या मर्विनकडून धुराचे नवे पाईप आणले. भोंग्यासारखे, आत जाळी नाही, काही नाही. मर्विन ते स्वतःच्या शेडमध्ये बनवायचा.

"लावा आणि पळवा," मर्विन म्हणाला. "कार्ब्युरेटरला हात लावायची गरज नाही."

शर्यतीच्या सकाळी आम्ही एक फेरी पूर्ण वेगात मारली आणि इंजिन तिथल्या तिथे बंद केलं. मी प्लग काढला. तो बिस्किटासारखा तपकिरी दिसायला हवा. हा खडूसारखा पांढरा होता, म्हणजे इंजिन जास्त तापत होतं.

"पाईप मोकळा झालाय, हवा जास्त खेचतोय," मी म्हटलं. "त्यात थंडीतली ही दाट हवा. दोनशे वीसचे जेट काढून मोठ्या भोकाचे, दोनशे चाळीसचे घालते, पेट्रोल जास्त जाईल. दहा मिनिटं दे."

मर्विन आणि मोटरसायकल क्लबातले चार-पाच जण चहाचे मग घेऊन उभे होते.

"ऐकलंस का मर्विन? बाई तुझ्या पाईपला नापास करतायत!" अ‍ॅलिस्टर म्हणाला.

"पन्नास मैल टिकणार नाही रे," मी त्याला म्हटलं.

"नोला, तू लटकायचं काम कर. डोकं मी चालवतो."

सगळे हसले. मी प्लग पुन्हा बसवला.

चाळीस मैलांपर्यंत आम्ही पहिले होतो. मग डावा पाईप माझ्या गुडघ्याला चामड्याच्या पँटमधूनही भाजायला लागला आणि इंजिनात कोरडी टकटक सुरू झाली. मी त्याच्या पाठीवर दोनदा थाप मारली. दोन थापा म्हणजे सावकाश, हे आमचं ठरलेलं. त्याने थ्रॉटल आणखी पिळला. पुढच्या पिंपाच्या अलीकडे पिस्टनला भोक पडलं. मागच्या चाकावर तेल उडालं आणि आम्ही ओल्या वाळूत जाऊन थांबलो.

माणसं जमली. हेल्मेट काढायच्या आधीच अ‍ॅलिस्टर बोलायला लागला. "वळणावर उशिरा झुकते. चाक वाळूत रुततं, इंजिनावर ताण येणारच. वजनही वाढलंय तिचं."

क्लबातले सगळ्यात जुने मिस्टर सदरलँड खाली बसले. त्यांनी प्लग काढून तळहातावर धरला आणि माझ्याकडे पाहिलं. "नोला, सकाळी बघितला होतास का गं हा?"

सकाळी हसणारे सगळे तिथेच होते. अ‍ॅलिस्टर माझ्याकडे बघत होता. चार लोकांत नवऱ्याला खोटं पाडायचं नाही, एवढंच तेव्हा मला सुचलं.

"नाही," मी म्हटलं. "विसरले."

माझी जागा गेली ती त्या शब्दावर. पुढच्या मोसमात फळीवर रेविन आली. एकवीस वर्षांची, हलकी, हिमतीची. ती वाईट नव्हती, हे मला मान्य करावं लागतं.

त्या वर्षी मी वाळूच्या टेकाडावरून शर्यत पाहिली. पाईप तेच होते. पण पहिल्याच फेरीत मला आवाज कळला. भरलेला, गोल, कुठेही कोरडा नाही. ते जिंकले.

संध्याकाळी क्लबात मी चीज रोल भाजत होते. अ‍ॅलिस्टर चषक हातात घेऊन सांगत होता, "मर्विनच्या पाईपला ट्यूनिंग-बिनिंग काही लागत नाही. फक्त फळीवरचं वजन ट्यून करावं लागतं."

पुन्हा तेच हसणं. मी ट्रे खाली ठेवला.

"मिस्टर सदरलँड," मी म्हटलं, "गाडी बाहेरच उभी आहे. जेटवरचा आकडा वाचाल का?"

"नोला, आता पुरे हं," अ‍ॅलिस्टर म्हणाला.

म्हातारा उठला, पाना घेऊन बाहेर गेला. आम्ही सगळे मागोमाग. त्यांनी जेट काढला, पुसला, चष्मा कपाळावर ढकलून वाचला. "दोनशे चाळीस."

मला वाटलं, आता कोणीतरी काहीतरी बोलेल.

अ‍ॅलिस्टरने खांदे उडवले. "बदलले मी. मग? गेल्या वर्षी मी हिच्यावर विसंबलो होतो आणि ही प्लग बघायला विसरली. तिनेच सांगितलं ना तुम्हा सगळ्यांसमोर? तेव्हापासून मी स्वतः बघतो."

मी मर्विनकडे पाहिलं. तो बुटाची वाळू झटकत होता. मिस्टर सदरलँडनी जेट परत बसवला आणि हळू आवाजात म्हणाले, "तेव्हाच बोलायचं होतंस, पोरी." सगळे आत गेले, रोल गार होत होते.

पुढच्या शनिवारी टिमारूला शर्यत होती. रेविन सकाळीच आली. ट्रकमध्ये माझ्या जागेवर बसताना ती अवघडली, मला म्हणाली, "तुम्हीही चला ना, नोला."

"तिला कपडे धुवायचेत," अ‍ॅलिस्टरने सांगितलं आणि गाडी सुरू केली.

धुवायचे होतेच. त्यात रेविनचे वाळूने भरलेले शर्यतीचे कपडेही होते.