जुन्या मशीनला फोल्डर दिसेना

सचिन या गावच्या औद्योगिक वसाहतीत हरेशभाईंचा साड्यांवर डिजिटल छपाई करायचा कारखाना आहे. तिथले सगळे कॉम्प्युटर सुषमा सांभाळते. चाळिशीला आलेली, लग्न मोडून बराच काळ झालेला, बमरोलीत भाड्याच्या खोलीत राहणारी. त्या खोलीत तिची आई मालतीबाईही राहायची. पण दिवाळीनंतर खोकला वाढला, जिने चढवेनात, म्हणून ती नंदुरबारजवळच्या गावी थोरल्या मुलाकडे, वाल्मिककडे, गेली होती.

त्या सोमवारी सुषमा कारखान्यात पोचली तेव्हा छपाईचं मशीन बंद होतं. मशीन चालवणारा दत्तू, परभणीकडचा, तिची वाटच बघत होता.

"ताई, फोल्डरच दिसंना झालंय. शनिवारी तर चांगलं होतं की."

डिझाइनं वरच्या मजल्यावर नव्या मॅकवर तयार व्हायची, मधल्या मजल्यावरच्या खोलीतल्या लिनक्स सर्व्हरवर साठायची आणि तिथून खालच्या मशीनचा कॉम्प्युटर ती उचलायचा. हा कॉम्प्युटर अजून विंडोज एक्सपीवर होता, कारण मशीन बनवणाऱ्यांनी त्यापुढचं काही दिलंच नव्हतं. रविवारी सर्व्हरनं आपोआप अपडेट घेतलं होतं. संध्याकाळी एका लग्नाच्या साड्यांचा टेम्पो निघायचा होता, आणि फायली इतक्या मोठ्या की पेनड्राइव्ह त्या घेईना.

सुषमा मशीनसमोर बसली. नेटवर्कवरून सर्व्हरला हाक घातली तर तो उत्तर देत होता. म्हणजे केबल ठीक होती. फोल्डर उघडायला गेलं की मात्र ‘सापडत नाही’ असं येत होतं. मॅकवर तोच फोल्डर बिनतक्रार उघडत होता. एवढ्यात तिचा फोन वाजला. वाल्मिक होता.

"सुषमा, माय गई वं."

"कव्हय?"

"आतेच. च्या पिता पिता." मागे कुणीतरी मोठ्यानं रडत होतं. "तू निंघ. आम्ही सांजलोंग थांबसूत."

"बरं," सुषमा म्हणाली.

तिनं फोन कीबोर्डशेजारी पालथा ठेवला. दत्तूनं विचारलं, "कोण होतं?"

"घरून फोन होता. तू एकदा मशीन बंद करून चालू कर."

मशीन परत सुरू होईपर्यंत ती पडद्याकडे बघत राहिली. उठायला हवं हे तिला कळत होतं. पण उठल्यावर आधी काय करायचं, पिशवी उचलायची की हरेशभाईंना सांगायचं की नुसतं रस्त्यावर जाऊन रिक्षाला हात करायचा, हे काही केल्या सुचेना. इथे मात्र पुढचं काम समोर दिसत होतं. फोल्डर अजूनही सापडत नव्हता, म्हणून ती सर्व्हरच्या खोलीत गेली.

कारण मिळायला वेळ लागला नाही. नव्या अपडेटनं फायली देण्याघेण्याची जुनी पद्धत असुरक्षित म्हणून बंद केली होती, आणि एक्सपीला नेमकी तेवढीच येत होती. सुषमानं सेटिंग्जच्या फाइलमध्ये एक ओळ घालून ती पद्धत पुन्हा सुरू केली. जुन्या मशीनला बाहेरचं इंटरनेट मिळणार नाही एवढं तपासून घेतलं. मग खाली येऊन फोल्डर उघडला. आता तो सापडला, पण पासवर्ड मागायला लागला. बरोबर पासवर्ड दिला तरी घेईना.

"च्यायला, एक झालं की दुसरं," दत्तू म्हणाला.

"होतं तसं."

तिचा आवाज रोजच्यासारखाच होता. तो ऐकून तिलाच नवल वाटलं, आणि तेही फार वेळ टिकलं नाही. आईचं तोंड आठवून बघितलं तर आठवलं, पण कुणाच्या तरी भिंतीवरच्या फोटोसारखं. ती परत वर गेली. फोन खालीच राहिला.

पासवर्ड पाठवायची एक्सपीची तऱ्हाही जुनी होती, सर्व्हर तीही नाकारत होता. त्यासाठी आणखी एक ओळ लागणार होती. ती टाइप करत असताना दत्तू दारात येऊन उभा राहिला. त्याच्या हातात तिचा फोन होता.

"ताई, सारखा वाजायलता म्हणून उचलला. तुमच्या भावाचा होता." त्यानं फोन पुढं केला. "निघाल्या का, म्हणून विचारायलते."

"हो."

"ताई, ते म्हणाले की..."

"माहितीये मला. सकाळीच सांगितलं त्यानं. आता उघडतंय का, तेवढं बघ."

"ताई, उठा तुम्ही."

"दत्तू, बघ जा ना."

तो गेला. थोड्या वेळानं खालून ओरडला, "उघडलं!" मग जरा दबक्या आवाजात, "पण काही फायलींची नावं भलतीच दिसायलीत."

ती खाली आली. वरच्या डिझायनरनं मॅकवर फायलींना नावं देताना मधे तिरकी रेघ मारली होती, ‘लहेरिया ३/४’ अशी. विंडोजला ती रेघ नावात चालत नाही, म्हणून त्यानं स्वतःचीच तुटकी नावं लावली होती. सुषमा एकेक नाव बदलत गेली. तिरक्या रेघेच्या जागी आडवी रेघ, मग पुढचं नाव. मशीनचं डोकं सरकायला लागलं आणि कापडावर पहिला निळा पट्टा उमटला, तोवर दत्तू हरेशभाईंना घेऊन आला होता.

हरेशभाई तिच्यापेक्षा वयानं बरेच मोठे. ते हात जोडून उभे राहिले.

"बेन, पहेला केवुं जोईए ने! साडी तो काल पण छपाय." आधी सांगायचं होतं, साड्या काय उद्याही छापल्या असत्या, असं त्यांचं म्हणणं.

"झालंय भाई आता. चालू झालं."

त्यांनी आपली गाडी काढायला लावली आणि ड्रायव्हरला रस्त्यात कुठे थांबू नको म्हणून बजावलं. दत्तूनं तिची पिशवी आणून गाडीत ठेवली, पाण्याची बाटली ठेवली, मग खिडकीशी उगाच उभा राहिला. गाडी निघाली. बारडोली मागे पडली, ऊस संपला, डोंगर आले. सुषमा सगळं बघत होती. व्याऱ्याजवळ ड्रायव्हरनं विचारलं, "एसी बढ़ाऊं?" ती म्हणाली, "नको, ठीक आहे."

गावात ती पोचली तेव्हा दारात तिरडी बांधून तयार होती. बायकांनी वाट करून दिली. वाल्मिकची बायको नूतन हिनं तिच्या हातात पाण्याचा पेला दिला. सुषमानं आईच्या तोंडात पाणी सोडलं. ते गालावरून ओघळलं, तिनं पदरानं पुसून घेतलं. नूतननं मिठी मारली आणि ती हमसून रडायला लागली. सुषमा तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

दुसऱ्या दिवशी वाल्मिकनं विचारलं, "मी सकाळीच फोन केलता. एवढा उशीर कसा झाला?"

थाप मारता आली असती. गाडी मिळाली नाही म्हटलं असतं तर त्यानं मानलंही असतं. पण तेवढं रचायचंही त्राण तिच्यात नव्हतं.

"मशीन बंद होतं. ते चालू करत बसले."

"माय गेली हे ऐकल्यावर?"

"हो."

वाल्मिक उठून गेला. त्यानंतर तो तिच्याशी बोलला नाही. ताट वाढलं की नूतनकरवी निरोप यायचा. सुषमाला त्याचा राग आला नाही. ती भांडी घासायची, पाणी भरायची, येणाऱ्या बायकांपाशी बसायची. रात्री अंथरुणावर पडली की झोप लगेच लागायची, याची तिला लाज वाटायची.

दहावा झाला. नदीवरून सगळे परतले. पाहुणे पांगले, तसा वाल्मिक मुंडण केलेल्या डोक्यावर टॉवेल टाकून ओट्यावर येऊन बसला. सुषमा तिथेच मांडीवर सूप घेऊन तांदूळ निवडत होती.

मग तो म्हणाला, "मन्हाबी तसंच व्हयनं. तुले फोन करा आन् मी गोठामा गऊ. म्हैस पिळी. दूध मापी दिधं. लोके घरमा रडतंत आन् मी दूध मापत व्हतू."

सुषमाचा हात तांदळात थांबला.

"दूध गिऱ्हाइकांना दिलंस?"

"दिधं. सगळं दिधं." त्यानं टॉवेलनं तोंड पुसलं. "तुन्हं ते मशीन... व्हयनं का चालू?"

"झालं. आधी फोल्डर दिसत नव्हता, मग पासवर्ड घेत नव्हतं. मग नावं चुकीची यायला लागली."

"मंग?"

ती त्याला सांगायला लागली. त्याला त्यातलं काही कळत नव्हतं, तरी तो मान हलवत ऐकत होता. सांगता सांगता एका जागी तिचा आवाज फाटला. डोळे कोरडेच होते. वाल्मिकनं सूप तिच्या मांडीवरून स्वतःकडे ओढलं आणि तो खडे वेचायला लागला.