आतलं बूच

"भायेर थेंब नाय म्हणून हरखू नको, पोरी. आतलं वायसर फाटलं असंल, तर पाणी आतल्या आत पळतंय."

हापसा दुरुस्त करता करता मालनबाई असं म्हणाली, तेव्हा तिची रूपा सात वर्षांची होती. आज चिकलठाण्याच्या हँगरात विमानाच्या नाकाखालची फरशी पुसताना आईचा तोच आवाज तिच्या कानात दांडा हाणत होता. फरशी कोरडी ठणठणीत. तरी ती चौथ्यांदा पुसत होती.

आजवर या विमानाच्या नाकावरच्या पंख्याची पाती एकाच कोनात जखडलेली. आता ती वळणार होती. इंजिनाचंच तेल दाबानं येऊन त्यांना वळवणार होतं. त्यासाठी इंजिनाच्या पोकळ दांड्यातलं जुनं, भोकाचं बूच काढून तिथं बिनभोकाचं ठोकायचं. नाहीतर तेल मागच्या मागं निसटायचं.

परवा जोडणी तपासताना हँगरातले थोरले मेकॅनिक सोमनाथ सरांनी विचारलं होतं, "आतलं बूच?"

रूपानं बॅटरी मारून पाहिलं होतं. "हाय, सर."

सरांनी जोडणीच्या कागदावर सही केली. त्यांच्या सहीखाली पहिल्यांदाच रूपाचं नाव आलं.

आणि आज सकाळी सामानाच्या पुड्यात नवं बूच तसंच सापडलं. रुपयाएवढं, कोरं. आता ते तिच्या खिशात होतं, आणि हात पुन्हा पुन्हा तिथंच जात होता.

"रूपाताई, पुसून पुसून फरशीला भोक पाडता काय?" विमानाच्या पायरीवर पाय ठेवत पायलट अमृता हसली.

"पुसू द्या तिला," सोमनाथ सर म्हणाले. "पहिलीच जोडणी हाय. वऱ्हाड दारात आलं तरी नवरीची माय मांडव झाडतीच."

मग सर अमृताकडं वळले. "हवा लई गार हाय. झकास उडंल."

गार. रूपाचा हात थबकला. गार तेल घट्ट असतं. जमिनीवर पाती गुमान वळतील. वर तेल तापून पातळ झालं, की भोकातून पळेल. मग पाती सपाट होऊन सैराट फिरतील, आणि आत अमृता असेल. खाली थेंबही पडायचा नाही.

अमृतानं दार ओढलं.

"उतरा, ताई!"

आवाज केवढ्यानं निघाला ते रूपालाच कळलं नाही. सोमनाथ सर वळले. चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं होतं.

"काय झालं गं?"

तिनं मूठ पुढं केली, उघडली. नवं बूच घामानं ओलं झालं होतं.

"सर, मी हाय म्हणले ना... हायच. पण भोकाचं हाय."