डावं चाक

मी एक गाडी बोलतेय. मला इंजिन नाही, सीट नाही. लहान मुलांच्या सायकलीची दोन चाकं, मधे वाकवलेला पाइप आणि जुन्या दप्तराचे पट्टे, एवढीच मी. बातमी आली तेव्हा मी टेबलावर उलटी होते आणि मालक माझ्या डाव्या चाकाच्या तारा आवळत होते. मंगळवार होता. दोन पंक्चर काढून झाली होती.

मालक सायकली दुरुस्त करतात. ढम्या हा त्यांच्या बायकोचा कुत्रा. टेम्पोखाली येऊन त्याचे मागचे पाय गेले. तेव्हापासून तो ओलं पोतं ओढावं तसा स्वतःला ओढायचा. दुकानासमोरून टुणटुण उड्या मारत साळुंकी जाई, भिंतीवरून मांजर जाई, उशीर झालेली माणसं चपला फटकारत पळत. ढम्या दारात बसून सगळ्यांचे पाय बघे.

बाई, म्हणजे मालकांची बायको, इस्पितळात गेल्या आणि त्याच आठवड्यात ढम्याच्या मागच्या पायांच्या जागी बांधायला मालकांनी मला बनवलं. बाईंची खोली तळमजल्यावर होती, खिडकीबाहेर अंगण. नर्स म्हणाली होती, "कुत्र्याला अंगणात आणा, मी त्यांना उठवून बसवते."

पहिल्याच दिवशी ढम्या माझ्यासह अकरा पावलं चालला. मालकांनी लगेच बाईंना फोन केला.

"अगंबाई! मग उद्याच आणा की त्याला."

"डावं चाक डुलतंय गं. तेवढं सरळ करतो."

"डुलू दे! त्याला काय शर्यतीत उतरवायचाय?"

"डुलणारं चाक मी दुकानाबाहेर सोडत नाही. माहितीये ना?"

"माहितीये. त्यापायी तीस वर्षं एक सिनेमा सुरुवातीपासून बघितला नाही मी." त्या हसल्या, मग बराच वेळ खोकल्या.

फरक केसाएवढा होता. एक तार आवळली की चाक दुसरीकडे झुके. चार दिवस गेले.

मंगळवारी हात ग्रीसने माखलेले, म्हणून मालकांनी फोन कोपरानेच स्पीकरवर घेतला. लेक होती.

"बाबा, काय करताय?"

"झालंच बघ. दुपारी आणतो त्याला."

"बाबा, हातातलं खाली ठेवा."

त्यांनी ठेवलं नाही.

"आई गेली, बाबा."

ढम्या टेबलाखाली उभ्या कानांनी थांबला होता, आता पट्टे बांधतील म्हणून.

मी आता खिळ्याला टांगलेली असते. लेक एकदा म्हणाली, "बांधा की त्याला, फिरू दे." मालक "बघू" म्हणाले. ते ढम्याला कडेवर घेऊन बाहेर नेतात, कडेवर आत आणतात. माझ्याकडे बघत नाहीत.

इस्पितळ इथून चालत दहा मिनिटांवर आहे. त्या खिडकीखाली ढम्याला चालवत न्यायचं राहून गेलं.