परवान्याचा नमुना

वेश्याव्यवसायाचा नवा कायदा सुचवणाऱ्या समितीपुढे थोरलीला बोलायला तीन मिनिटं मिळाली होती. पंधरा वर्षं धंदा केलेल्या बाईला तीन मिनिटं, आणि ज्यांनी तिच्या गल्लीत कधी पाऊल टाकलं नव्हतं त्यांना अर्धा-अर्धा तास. "बोलताना रडू आलं तर येऊ द्या," तिच्या बाजूची वकीलबाई कानाशी कुजबुजली, "परिणाम होतो." थोरली दातओठ खात बसून राहिली.

धाकटी तिची नात्यानं कुणी नव्हे, पण सख्ख्या बहिणीहून जवळची. सोबत असावी म्हणून दोघी एकाच खोलीत राहायच्या. तीन आठवड्यांपूर्वी भरदुपारी एका गिऱ्हाइकानं धाकटीचा जबडा फोडला. थोरली तिला धरून चौकीत घेऊन गेली. हवालदारानं पहिला प्रश्न काय विचारावा? "खोलीत तुम्ही दोघी? दोघी म्हणजे कायद्यानं अड्डा झाला." तक्रार राहिली बाजूला, नोटीस गेली घरमालकाला. चौथ्या दिवशी त्यांच्या गाद्या, भांडी, सगळं जिन्यात. चोर सोडून संन्याशाला फाशी!

आता कुणी एक प्राध्यापक समितीला समजावत होते. "धंदा कायदेशीर करू. नोंदणी, परवाना, दरमहा तपासणी, नेमून दिलेल्या इमारती." परवान्याचा नमुना हातोहात फिरत थोरलीपर्यंत आला. फोटो, पत्ता, तपासणीच्या शिक्क्यांचे चौकोन.

तिचं नाव पुकारलं तेव्हा ती तो हातात घेऊनच उठली.

"हा बाईचा. गिऱ्हाइकाचा कुठंय?"

दोघं-तिघं हसले.

"हसता काय? आजार मी एकटीच घरी शिजवते का?"

"ताई, हे तुमच्याच संरक्षणासाठी आहे," अध्यक्ष म्हणाले.

"आणि जिच्याकडे कागद नाहीत तिचं काय? जिच्या घरी कळता कामा नये तिचं? ती हा घेणार नाही, म्हणजे ती पुन्हा गुन्हेगार. आज आम्ही सगळ्या, उद्या निम्म्या. उरलेल्या निम्म्या तुम्ही नेमलेल्या इमारतीत, तुम्ही नेमलेल्या मालकाच्या मुठीत!"

"मग तुम्हाला हवंय तरी काय?"

"धंदा केला म्हणून पकडू नका. दोघी एकत्र राहिलो म्हणून हाकलू नका. मारणाऱ्याला पकडा. मारहाणीचा कायदा आहे ना? मग आमचं हाड मोडलं की तो कुठं झोपतो?"

घंटा वाजली. माइक बंद झाला. थोरलीचा आवाज त्याहून मोठा होता. "माझ्या धाकटीचा जबडा तारेनं बांधलाय. तिला तीन मिनिटंसुद्धा बोलता येत नाही!"

बाहेर आल्यावर वकीलबाई म्हणाली, "छान बोललात. फक्त जरा शांतपणे..."

"तुमची भांडी कुणी जिन्यात फेकलीत का? नाही ना? मग चला चौकीत."

वकीलबाई वरमली, पण गेली. काळा कोट बघून हवालदारानं खुर्ची दिली आणि मुकाट्यानं तक्रार लिहून घेतली. तो माणूस दोन दिवसांनी सापडला आणि तिसऱ्या दिवशी जामिनावर सुटला. अड्डा ठरू नये म्हणून धाकटीनं पलीकडच्या रस्त्यावर वेगळी खोली घेतली. थोरली रोज तिकडं पातळ पेज घेऊन जायची.

महिन्याभरानं थोरली अशीच धाकटीकडे पेज घेऊन आली असताना वकीलबाईचा फोन आला. समितीनं परवान्याची शिफारस केली होती.

"आणि माझं बोलणं?"

"एक ओळ आहे. 'संबंधित महिलेनं भावनिक निवेदन केलं.'"

थोरलीनं अशी शिवी हासडली की पलंगावर पडलेल्या धाकटीला हसू आलं, आणि हसल्याबरोबर जबडा धरून ती कळवळली.