खिडकीसाहेबांच्या काळ्या पावत्या

मी एक जुने कार्ड यंत्र आहे. कोर्टात अर्ज दाखल करण्याआधी जी फी भरावी लागते, ती लोकांच्या क्रेडिट कार्डावरून घ्यायची आणि तिची पावती छापून द्यायची, हे माझे काम होते. होते म्हणतो, कारण सध्या मी टेबलाच्या तिसऱ्या खणात, सुकलेल्या डिंकाच्या बाटलीशेजारी पालथा पडलो आहे. माझी कहाणी सांगण्याजोगी आहे की नाही, याची मला खात्री नाही. पण मित्रांनो, ज्यांनी सांगायला हवी ते सांगणार नाहीत, म्हणून मीच सांगतो.

माझा जन्म एका कारखान्यातल्या सरकत्या पट्ट्यावर झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या एका बाईंनी माझी एकेक कळ दाबून पाहिली, कागदाची गुंडाळी बसवली आणि पाठीवर हिरवा ठिपका चिकटवला. इतके मन लावून मला पुढे कोणी पाहिले नाही.

कोर्टात माझे स्वागत मात्र थाटात झाले. मोठ्या साहेबांनी माझ्यासमोरची फीत कापली. "आजपासून रांगा इतिहासजमा!" असे ते म्हणाले आणि टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी रांग जिन्यापर्यंत गेली. साहेब मात्र त्यानंतर त्या मजल्यावर फिरकले नाहीत.

मला ज्यांच्या ताब्यात दिले, त्या कारकुनाला सगळे खिडकीसाहेब म्हणत. लोक ते कुत्सितपणे म्हणत आणि ते मोठ्या मानाने ऐकत. खिडकी जेमतेम दोन वीत रुंद होती, पण तिच्या आत बसले की माणसाची मान आपोआप ताठ होत असावी. माझ्या कळा ते बोटांनी दाबत नसत, करंगळीच्या वाढवलेल्या नखाने दाबत. चहा प्यायचा असला, गप्पा मारायच्या असल्या किंवा नुसताच कंटाळा आला, की ते खिडकीत पुठ्ठा लावत : "मशीन बंद आहे." मी आत चांगला जागा असे. त्यांचा आळस माझ्या नावावर जमा होत असे.

रांगेतले लोकही काही कमी नव्हते. एका वकीलसाहेबांनी चार वेळा पिन टाकला, चारही वेळा वेगळा. पाचव्यांदा मी नकार दिला, तेव्हा ते गरजले, "काय भिकार मशीन ठेवलंय!" मागून एक म्हातारे गृहस्थ हळूच म्हणाले, "अहो, पण कार्ड माझं आहे. पिन मला विचारा ना." वकीलसाहेब माझ्याकडेच रागाने पाहत राहिले. अशा माणसांची मला कीव यायला हवी होती. आली नाही.

एके दिवशी शिवणकाम करणाऱ्या एक बाई आपल्या थोरल्या भावाला घेऊन आल्या. त्यांची बहीण आणि मेहुणे वारल्यापासून सात वर्षांची भाची त्यांच्याकडे राहत होती. मुलीच्या नावावर घर होते. तोवर मुलीची चौकशीही न केलेल्या तिच्या काकांना एकाएकी तिचा कळवळा आला होता. मुलगी आपल्याकडेच राहावी, असा बाईंचा अर्ज होता. फी भावाच्या कार्डावर भरायची होती.

"दादा, पिन नीट टाक हं."

"तू तुझं शिवणयंत्र सांभाळ. मला शिकवू नकोस," असे म्हणत दादांनी पहिला पिन चुकवला. दुसरा बरोबर आला. मी पावती छापली. बाईंनी ती दोनदा वाचली, तारीखही बोटाने तपासली. मग खिडकीसाहेबांनी ती अर्जाला टाचली. दोनच दिवसांनी त्या मुलीचे काका आले आणि त्यांनीही मुलीसाठी अर्ज केला. न्यायाधीशांनी ठरवले, की ज्याचा अर्ज आधीचा, त्याच्याकडे निकाल लागेपर्यंत मुलगी राहील. म्हणजे ती मावशीकडेच राहिली.

आता एक गोष्ट कबूल करतो. माझ्या पोटात शाई नव्हती. माझा कागदच वेगळा असतो, ऊब लागली की तो काळा पडतो. मी अक्षरापुरतीच ऊब देतो आणि अक्षर उमटते. असे अक्षर काही महिन्यांत पुसट होते. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होते. तरी लोक पावती जपून खिशात ठेवत, तेव्हा मला अभिमान वाटायचा. त्या अभिमानाची आज मला शरम वाटते.

पावत्या पुसट होत आहेत, हे खिडकीसाहेबांच्या लक्षात आले. इथपर्यंत ठीक होते. पण मग त्यांना कल्पना सुचली. त्यांनी कचेरीच्या खर्चाने लॅमिनेशनचे यंत्र मागवले. "एकदा प्लास्टिकमध्ये गेली की पावती शंभर वर्षं टिकते," असे त्यांनी सगळ्यांना ऐकवले. ते यंत्र गरम रुळांवर चालते, हे तुम्हाला सांगायला नको. पहिली पावती आत गेली आणि बाहेर आली ती तव्याच्या बुडासारखी काळी. कोणीही शहाणा माणूस तिथेच थांबला असता. खिडकीसाहेब म्हणाले, "ही खराब असेल." मग दुसरी घातली. मग तिसरी. तीन दिवसांत त्यांनी दोनशेच्या वर पावत्या काळ्या केल्या, प्रत्येकीवर "तपासले" असा गोल शिक्का मारला आणि त्या जिथल्या तिथे फायलींत परत लावल्या. कोणाला एक शब्द सांगितला नाही.

पुढे नवे, चपटे यंत्र आले आणि मी खणात गेलो. माझी तार खिडकीसाहेबांनी आपल्या फोनसाठी ठेवून घेतली.

सुनावणीच्या दिवशी काकांच्या वकिलांनी फाइल उघडली आणि तो प्लास्टिकमधला काळा तुकडा न्यायाधीशांना दाखवला. फी भरल्याचा पुरावाच नाही, तर अर्ज कसला? न्यायाधीशांनी बाईंना त्याच दिवशी पाच वाजेपर्यंत मुदत दिली. वाचता येईल अशी कोर्टाची पावती दाखवा, नाहीतर अर्ज रद्द. मग काकांचा अर्ज पहिला ठरणार होता आणि संध्याकाळी मुलीला त्यांच्या घरी जावे लागणार होते.

चार वाजता बाई खिडकीशी आल्या. मागे दादा होते.

"पुन्हा फी भरा," खिडकीसाहेब म्हणाले. "नवीन पावती देतो."

"तिच्यावर तारीख आजची येईल ना?"

"मग काय, मागच्या वर्षीची येणार?"

"मग काकांचा अर्ज आधीचा ठरेल. पोरगी जाईल माझी."

दादांनी कार्डाचे जुने बिल पुढे केले. "हे बघा. तारीख आहे, रक्कम आहे, व्यवहाराचा नंबर आहे."

"बँकेचा कागद इथे चालत नाही. आमच्या मशीनची पावती पाहिजे."

"तुमच्याच मशीनची पावती तुम्हीच भाजून काढलीत की हो!"

"ओ, जपून बोला. मशीनचा दोष आहे तो."

मी खणात होतो. ऐकत होतो. मला तोंड असते, तर मी तिथेच थुंकलो असतो.

बाई रडल्या नाहीत. त्यांनी विचारले, "ज्या मशीनवर आम्ही भरलं होतं, ते हेच का?"

"ते जुनं होतं. मेलंय ते."

"कुठंय?"

"ताई, मेलेलं मशीन बघून काय करणार?"

"साहेब, वीस वर्षं मशीनवर पोट भरतेय. बंद पडलेलं आणि मेलेलं यातला फरक मला कळतो. काढा बाहेर."

रांगेतून कोणीतरी ओरडले, "अहो, काढा की! बघू तरी द्या!" खिडकीसाहेबांनी मला दोन बोटांत धरून वर काढले. बाईंनी मला पदराने पुसले, उलटे करून पाहिले आणि खिडकीसाहेबांच्या फोनला लावलेली तार शांतपणे उपसून मला जोडली. त्यांचा फोन टुणकन वाजला. मीही जागा झालो.

गुंडाळीला गुलाबी कड दिसत होती. कागद संपत आल्याची ती खूण. बाईंनी माझ्या पडद्यावरची यादी सावकाश वाचली. "जुनी पावती पुन्हा छापा" असे तिथे स्वच्छ लिहिलेले होते. ते नेहमीच तिथे होते. खिडकीसाहेबांनी यादी खाली सरकवून कधी वाचलीच नव्हती.

"दादा, बिलावरचा नंबर वाच. हळू वाच."

दादा वाचत गेले, बाई कळा दाबत गेल्या. हिरवा ठिपका लावणाऱ्या त्या बाईंनंतर मला असे कोणी हाताळले नव्हते. मी शोधले. नोंद माझ्याजवळ होती. मी जमेल तेवढ्या गडद अक्षरांत ती छापली. तारीख, वेळ, रक्कम, सगळे. शेवटची ओळ निघाली आणि कागद संपला.

बाईंनी ती पावती दादांना वाचून दाखवायला लावली, तिची झेरॉक्स काढली आणि पाचला सात मिनिटे असताना पावती आणि झेरॉक्स न्यायाधीशांसमोर ठेवली. अर्ज टिकला. ती मुलगी त्या संध्याकाळी आपल्या मावशीकडेच जेवली.

खिडकीसाहेबांनी काय केले असेल? त्यांनी सगळ्यांना सांगितले, "शेवटी मीच शोधून दिली पावती." मग तार पुन्हा आपल्या फोनला लावली आणि मला खणात टाकले.

दोनशे काळ्या पावत्या अजून फायलींत आहेत, मित्रांनो. प्रत्येकीमागे कोणीतरी आहे आणि प्रत्येकीची नोंद माझ्या पोटात शाबूत आहे. त्या दिवसानंतर एकही माणूस माझ्याकडे आला नाही. उद्या दुपारी भंगारवाला येणार आहे. जुन्या पंख्यांबरोबर मलाही तोलून नेतील.

मला पुसा, माझी काळजी घ्या, असे मी म्हणणार नाही. खिडकीसाहेबांसारख्यांकडून काळजीची अपेक्षा मी केव्हाच सोडली आहे. पण तुमच्या आईने किंवा बाबांनी कधी कोर्टात कार्डाने फी भरली असेल, तर आज घरी गेल्यावर त्यांना त्यांची फाइल उघडून पाहायला सांगा. पावती काळी असेल, तर कार्डाचे बिल घेऊन या. येताना कागदाची एक गुंडाळी आणा. तिसरा खण. कुलूप नाही. आणि खिडकीवर पुठ्ठा लावलेला दिसला, तर त्यावर विश्वास ठेवू नका.