अर्धं बी

शेवंताबाई गेली त्याच्या आदल्या दिवशी काहीच घडलं नव्हतं. रविवार होता. सुवर्णा शिक्रापूरहून सकाळच्या एसटीने इनामगावला आईकडे आली होती आणि परसातल्या शेवग्याखाली खाट टाकून पुस्तक वाचत पडली होती. शेजारी आई वाफ्यात उकिडवी बसून खुरपत होती. वाफ्याच्या कडेला तिने जुन्या खापऱ्या रोवल्या होत्या. घोडनदीकाठच्या त्या जमिनीत कुदळ मारली की आधी खापऱ्याच लागायच्या.

"सुवर्णे, हे काय हाय, सांग बरं." आईच्या चिखलाने भरलेल्या चिमटीत एक कोवळा कोंब होता.

"भोपळा," सुवर्णा पान उलटत म्हणाली.

"वर बघ तरी. दोडकाय ह्यो. भोपळ्याचं दळ, हे पयलं पान, जाड असतंय."

"बाजारात दळ बघून घेत नाहीत गं आई, दोडका बघून घेतात."

"आन् बाजारच बंद पडला मंजी?"

"मग तू आहेस की."

आई हसली आणि कोंब परत मातीत बसवला.

बाजार बंद पडेल, रस्ता तुटेल, नदी गावात शिरेल, यातलं काहीही उद्या होऊ शकतं असं धरूनच शेवंताबाई जगायची. लग्न होऊन आली त्या वर्षी धरणाचं पाणी गल्लीपर्यंत आलं होतं, तेव्हापासूनची ही खोड. माळ्यावर एक बोचकं कायम बांधलेलं असायचं. त्यात वाळवलेली गवार, सांडगे, झाकणाच्या बरणीत काडेपेटी, मेणबत्त्या, सुतळीचा मोठा गुंडा. शेजारचे सोपानआबा येता-जाता टोमणा मारायचे, "वैनी, बोचकं बांधलंच हाय तर काशी करून या की!"

"तुमी आदी शेताचा बांध वलांडा भावजी, मग माझ्या काशीचं बघू."

बांधावरचं कुर्डू, तांदुळजा खुडतानाही ती चार झाडं हात न लावता सोडायची. बियाण्याचंही तसंच. अर्धं पेरायचं आणि अर्धं चुलीमागच्या मडक्यात, राखेत पुरून ठेवायचं. सगळं बी एका पावसाच्या भरवशावर सोडायचं न्हाई, म्हणायची.

दुपारी दोघींनी कुर्डूची भाजी आणि भाकरी खाल्ली. संध्याकाळी घरी पोचल्यावर सुवर्णाने फोन केला. आई म्हणाली, "बरं, जेव आता."

सोमवारी सकाळी शेवंताबाई वाफ्यापाशी बसली ती उठलीच नाही.

त्या दिवशी पाऊस धो धो कोसळत होता. वीज नव्हती, दुकानं उघडली नव्हती. सोपानआबांनीच माळ्यावर चढून बोचकं खाली घेतलं. त्यातल्या काडेपेटीची पहिलीच काडी पेटली. तिरडी बांधायलाही त्यातलीच सुतळी पुरली. गाठी मारता मारता आबा पुटपुटले, "कुणाला तोशीस पडू दिली न्हाई वैनी तुमी." तेवढं ऐकून सुवर्णा दाराआड गेली.

मग सुतकाचे दिवस. माणसं यायची, चहा घ्यायची, कसं झालं ते विचारायची. बाहेरगावाहून आलेला भाऊ सांगायचा. पुढची माणसं आली की पुन्हा पहिल्यापासून सांगायचा. सुवर्णाला रडूही येईना आणि झोपही लागेना. पुस्तक उघडलं तर तेच पान. डोळे ओळीवरून जायचे आणि मागे काहीच उरायचं नाही.

दशक्रियेच्या आदल्या दिवशी दुपारी तिला मडकं आठवलं. आईच्या साड्यांकडे, डोरल्याकडे तिने पाहिलंही नव्हतं. हे मात्र तिला हवं होतं. मडकं शिक्रापूरला न्यायचं, गॅलरीत डबे मांडायचे, अर्धं पेरायचं. एवढ्या दिवसांत मनात आलेली ही पहिलीच इच्छा.

चुलीमागे मडकं पालथं घातलेलं होतं. लख्ख धुतलेलं.

"समृद्धी, ह्यातली राख कुठंय?" तिने भावजयीला विचारलं.

"ती व्हय? भांड्यांना लागली की, ताई. शेजारनं कडू घासाच्या जेवणाची पातेली आली ती निसती कोळसा! साबण कुठवर पुरणार? सगळ्याच बाया मुठी भरून घेत हुत्या." मग तिने सुवर्णाच्या तोंडाकडे पाहिलं. "का वो? काय हुतं त्यात?"

"आईचं बी."

समृद्धीने मडकं सरळ करून आत पाहिलं. "आगं बया! मला वाटलं भांड्यांचीच हाय. आत्याबाई काय म्हंत्याल आता?"

"तू तरी काय करणार? राख दिसली की बाई भांडं घासणारच." सुवर्णा म्हणाली. रागवायला लागतं तेवढंही बळ तिच्यात नव्हतं.

ती परसात गेली. भांडी घासायच्या दगडापासून पाण्याचा पाट केळीकडे जात होता. तिथे साचलेल्या करड्या राखेत हिरवं काहीतरी दिसलं म्हणून ती वाकली. पाटाच्या दोन्ही कडांनी कोंब उठले होते. एकमेकांना रेटत, दाटीवाटीने. एकाच्या डोक्यावर बियाचं टरफल अजून टोपीसारखं अडकलेलं होतं.

समृद्धी मागोमाग आली आणि तोंडावर हात ठेवून उभी राहिली.

"ताई, उद्या हितं भांड्यांचा ढीग पडंल. पायाखालीच जाईल सगळं. आत्ताच उचलाय पायजे." तिने खुरपं आणलं. "पर ह्यात येल कंचा, भाजी कंची? आन् हे निसतं तणच दिसतंय. काय ठिवू, काय उपटू?"

सुवर्णा आईसारखीच उकिडवी बसली. एक कोंब मातीसकट अलगद उचलून तिने चिमटीत धरला. दळ जाड होतं का? तिने दुसरा उचलला. तोही तसाच वाटला. पलीकडे खापऱ्यांच्या कडेचा वाफा मोकळा होता. आई बसायची तिथली माती अजून दबलेली होती.

"ताई?" समृद्धी खुरपं धरून थांबली होती.

सुवर्णाने कोंब तळहातावर घेतला आणि वाफ्याकडे हात पुढे केला.

"मला न्हाई ओळखू येत गं, आई," ती मोठ्याने म्हणाली. "दाखव की."